डोंगराची खूण आणि भिंतीचा कोपरा

(देवबाग येथे विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात एका अभियंत्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि भविष्य’ असा विषय दिला होता. एवढ्या मोठ्या विषयावर बोलणारा वक्ता सहसा काहीच सांगत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून त्यातील एक लहानसा प्रश्न घेऊन मी आपल्यासमोर उभा आहे. एखाद्या मोठ्या वास्तूत, छपराखाली, माणूस नेमका कोठे उभा आहे आणि कोणत्या दिशेला पाहत आहे, हे यंत्राला कसे समजावे? माझी गेली कित्येक वर्षे याच प्रश्नात गेली आहेत. आणि हा प्रश्न मी प्रथम पाहिला तो कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हे, तर येथे, माझ्या आजोळी, होडीत बसून.

माझे आजोबा तांडेल होते. किनाऱ्यापासून बरेच आत गेल्यावर ते मागे वळून जमिनीकडे पाहत. जवळचा उंच माड आणि त्यामागच्या डोंगराचा खांदा एका रेषेत आले की ते मान हलवीत. मग दुसरीकडे पाहत. तेथेही अशाच दोन खुणा एकमेकींवर येईपर्यंत वल्ही चालू राहत. दोन रेषा जुळल्या की ‘हयच’ म्हणून जाळे सोडण्याची आज्ञा होई. समुद्राच्या सपाट पाण्यावर त्यांना आपली जागा दोन रेषांच्या छेदातून मिळत असे. आज महागड्या चष्म्यातील कॅमेरा भिंतीचा कोपरा, खिडकीची चौकट आणि खांबाची कड पाहून जे करतो, ते मूलतः हेच आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह मला नाही. आजोबांना गणिताची समीकरणे येत नव्हती. परंतु प्रश्न त्यांचाही हाच होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या बुद्धीने सोडवला होता.

आता हा चष्मा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. डोळ्यांसमोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाने काढलेले चित्र बेमालूम बसवणे, याला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. आपण त्याला संवर्धित वास्तव म्हणू. समजा, आपण सिंधुदुर्गाच्या महाद्वारात उभे आहात आणि पडलेल्या भागाच्या जागी तो पूर्वी कसा असेल ते चष्म्यातून दिसत आहे. आपण मान वळवली तरी ते चित्र दगडाला चिकटून राहिले पाहिजे. ते हलले, तरंगले, किंवा मागून फरफटत आले, तर माणसाला काही क्षणांत गरगरू लागते. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा काळ साधारणतः वीस मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो. आणि कोनातील चूक? दिशा ओळखण्यात केवळ एक अंशाची चूक झाली, तर दहा मीटर अंतरावरच्या भिंतीवर चित्र साडेसतरा सेंटिमीटर सरकते. तीस मीटरवर तीच चूक अर्ध्या मीटरहून अधिक होते. विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर टॅन्जंटचे कोष्टक काढून हा हिशेब पडताळून पाहावा.

येथे कोणीतरी विचारील, ‘उपग्रह आहेत ना?’ आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तेथून निघालेला संदेश आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा अत्यंत क्षीण झालेला असतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाच-एक मीटरपर्यंत जागा सांगतो. समुद्रावर ते पुरेसे आहे, किंबहुना जीव वाचवण्यास पुरेसे आहे. २००९ च्या नोव्हेंबरातील फयान वादळ येथील ज्येष्ठांना आठवत असेल. त्या वेळी किती घरांत लोक दाराकडे डोळे लावून बसले होते! ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे मच्छीमार नौकांसाठी उपग्रहाद्वारे दुतर्फा संदेश देणाऱ्या यंत्रणेचा देशव्यापी प्रारंभ झाला. एक लाख नौकांवर अशी यंत्रे बसवण्याची ती योजना आहे. तिचे महत्त्व मी शहरातील माणसाला अर्धा तास समजावतो, येथे एका वाक्यात कळते.

आपल्या स्वतःच्या ‘नाविक’ उपग्रहमालिकेचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे योग्य नाही. २०१३ ते २०१६ या काळात तिचे पहिले सात उपग्रह अवकाशात गेले. आपल्या स्थानासाठी दुसऱ्या देशाच्या मर्जीवर राहू नये, हा त्यामागील विचार निःसंशय योग्य होता. परंतु उत्साहात एक गोष्ट आपण विसरतो. या उपग्रहांचा प्राण म्हणजे त्यातील आण्विक घड्याळ, आणि परदेशातून आणलेली ती घड्याळे अनेक उपग्रहांवर एकामागून एक बंद पडली. २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये आपण स्वदेशी रुबिडियम घड्याळ बसवले. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. अभिमान जरूर बाळगावा, आणि घड्याळही तपासत राहावे. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात तीस सेंटिमीटर जातो. घड्याळ तेवढेच चुकले, तर अंतर तीस सेंटिमीटरने चुकते. या क्षेत्रात घोषणेला माफी नाही.

परंतु छपराखाली उपग्रह निरुपयोगी ठरतो. दगड आणि काँक्रीट यांतून तो क्षीण संदेश आत येत नाही, आला तरी भिंतींवर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतो, आणि यंत्राला खोटे अंतर सांगतो. याची गरज काय, असे वाटत असेल तर माझ्या घरातील एक प्रसंग सांगतो. माझ्या वडिलांना एका मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात नेले होते. कागद हातात देऊन आम्हाला तपासणीसाठी दुसऱ्या इमारतीत जाण्यास सांगितले गेले. चार मजले, एकसारखे बोळ, एकसारखी दारे. वडिलांची चाकांची खुर्ची ढकलत आई आणि मी पाऊण तास फिरलो. आईला वाचता येते, पण पाट्या इंग्रजीत होत्या. पोहोचलो तेव्हा तपासणीची वेळ संपली होती. ती दुसऱ्या दिवशी झाली. वडील त्यातून बरे झाले, म्हणून आज हे शांतपणे सांगू शकतो. रस्ता दाखवणारा बाण आईच्या डोळ्यांसमोर जमिनीवर उमटला असता, आणि तोही मराठीत, तर? धुराने भरलेल्या इमारतीत शिरणाऱ्या अग्निशमन जवानाचा विचार करा. त्याच्या सहकाऱ्याला तो कोणत्या मजल्यावर, कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक असणे, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बसवण्याचे पहिले असे साधन दाखवले. माणसाचे डोके कोठे वळले हे कळावे म्हणून ते छतापासून लोंबणाऱ्या यांत्रिक बाहूला जोडले होते. म्हणजे माणूस अक्षरशः दाव्याला बांधलेला! पुढे उत्तर कॅरोलिना विद्यापीठात छतावर प्रकाशाचे असंख्य बारीक दिवे बसवून, डोक्यावरील यंत्राने ते पाहून जागा ठरवण्याची पद्धत विकसित झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘हायबॉल’ यंत्रणेत साडेचार मीटर रुंद आणि साडेआठ मीटर लांब खोलीत स्थानाच्या मोजणीतील थरथर अर्ध्या मिलिमीटरहून कमी होती. कामगिरी अद्भुत होती, यात शंका नाही. पण त्यासाठी संपूर्ण छत दिव्यांनी भरावे लागले. एका खोलीत जे जमते ते रेल्वे स्थानकात किंवा देवळाच्या सभामंडपात कसे परवडणार?

२००० साली परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी मायक्रोसॉफ्टमध्ये वेगळा मार्ग दाखवला. इमारतीत बिनतारी इंटरनेटचे संदेश असतातच. प्रत्येक जागी त्यांची तीव्रता निराळी असते. ती आधी नोंदवून ठेवा, आणि नंतर मोजलेली तीव्रता नोंदींशी जुळवा. बोटाच्या ठशासारखी ही जागेची ओळख. त्यातून दोन-तीन मीटरपर्यंत जागा सापडू लागली. दुकान शोधण्यास ती पुरे, परंतु दगडावर चित्र चिकटवण्यास मुळीच नाही. पुढे ‘अल्ट्रा वाइडबँड’ नावाच्या अतिसूक्ष्म रेडिओ स्पंदनांनी दहा ते तीस सेंटिमीटरपर्यंत मजल मारली. २०१९ पासून काही फोनमध्येही ती सोय आली. पण त्यासाठीही भिंतींवर यंत्रे बसवावी लागतातच.

मग राहिला आजोबांचा मार्ग. कोणी बाहेरून सांगण्याची वाट पाहू नये, स्वतःच्या डोळ्यांनी खुणा ओळखाव्यात. २००७ साली ऑक्सफर्डमधील गेऑर्ग क्लाइन आणि डेव्हिड मरे यांनी एका साध्या कॅमेऱ्याने अनोळखी टेबलावरील खुणा टिपत, त्यांचा नकाशा तयार करत, त्याच नकाशात आपली जागा शोधणारी पद्धत मांडली. दोन्ही कामे एकाच वेळी! पण त्यांनी प्रामाणिकपणे नावातच म्हटले होते की ही पद्धत लहान जागेसाठी आहे. टेबल आणि गड यांत फरक आहे. २०१७ नंतर ॲपल आणि गूगल यांनी अशी क्षमता सामान्य फोनमध्ये आणली. कॅमेऱ्याच्या जोडीला फोनमध्ये हालचाल मोजणारे लहानसे यंत्र असते, ते कॅमेऱ्याच्या दोन चित्रांमधील क्षण भरून काढते.

त्या यंत्राचा दोष मात्र समजून घ्या, कारण साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. धुक्यात जमीन दिसेनाशी झाली की आजोबा होकायंत्र, वेळ आणि वेग यांवरून अंदाज बांधत. प्रवाह होडीला हळूहळू बाजूला नेई आणि चूक वाढत जाई. फोनमधील यंत्र वेग मोजत नाही, वेगातील बदल मोजते. त्या मोजणीत दर सेकंदाला दर सेकंदी एक सेंटिमीटर एवढी क्षुल्लक चूक धरा. दहा सेकंदांनी जागेत अर्ध्या मीटरची चूक पडते. अर्ध्या मिनिटाने साडेचार मीटर. एका मिनिटाने अठरा मीटर! काळ दुप्पट झाला की चूक चौपट होते. म्हणून त्याला सतत डोळ्यांचा आधार द्यावा लागतो. आणि डोळ्यांनी जुळवत गेलेली जागाही शेकडो मीटर चालल्यावर हळूहळू सरकतेच. त्यावर उपाय एकच. पूर्वी पाहिलेली खूण पुन्हा दिसली की ‘मी येथे आलो होतो’ असे ओळखायचे, आणि मधल्या साऱ्या वाटेतील चूक मागे जाऊन दुरुस्त करायची. रात्री वेंगुर्ले खडकांवरील दीपगृह दिसले की आजोबांच्या मनात जे होई, तेच हे. फरक एवढाच की त्यांना त्याचा आनंद होत असे.

मोठ्या जागेत ही ओळखच कठीण असते. रुग्णालयाचे दोन मजले हुबेहूब सारखे, यंत्र दुसऱ्या मजल्यावर असून तिसऱ्यावर असल्याचे ठामपणे सांगते. गर्दीत माणसेच खुणा झाकतात. आणि खुणा बदलतात. येथील कर्लीच्या मुखाशी वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात कसा सरकतो, हे आपल्याला मी सांगावे असे नाही. ज्याला पर्यटक ‘त्सुनामी बेट’ म्हणतात, त्यावर भरवसा ठेवून कोणी होडी हाकतो का? मार्च महिन्यात तयार केलेला बाजारपेठेचा नकाशा गणपतीच्या मंडपांनंतर निकामी होतो. जांभ्याची भिंत मे महिन्यात तपकिरी असते, श्रावणात हिरवी. माणूस ती ओळखतो, यंत्र चाचपडते. आणखी एक गंमत येथील मुलांसाठी. चष्मा घालून होडीत बसलात, तर यंत्राचे दोन साक्षीदार भांडू लागतात. कॅमेऱ्याला होडी स्थिर दिसते, हालचाल मोजणारे यंत्र मात्र लाटांचे हेलकावे सांगते. मायक्रोसॉफ्टला होलोलेन्स २ या चष्म्यासाठी हलत्या वाहनांकरिता वेगळी व्यवस्था करावी लागली होती. त्या चष्म्याचे उत्पादन २०२४ मध्ये थांबले, प्रश्न शिल्लक आहे. तो येथील एखाद्या मुलाने सोडवला तर मला आश्चर्य वाटणार नाही. हेलकाव्यांची ओळख त्याला कॅलिफोर्नियातल्या मुलापेक्षा अधिक आहे.

आता सिंधुदुर्गाकडे वळतो. नोव्हेंबर १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर या दुर्गाची पायाभरणी केली आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा दुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यात हा आहे. आज ना उद्या कोणीतरी येथे संवर्धित वास्तवाचा प्रयोग करणारच. संरक्षित स्मारकाच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही, आणि ठोकूही नये. त्यामुळे छतावरचे दिवे, भिंतीवरची यंत्रे बाद. दगडांच्याच खुणांवर काम करावे लागेल, आणि त्यासाठी तट, बुरूज, महाद्वाराचे वळण, दूध बाव, साखर बाव, दही बाव यांचा सेंटिमीटरपर्यंत अचूक नकाशा लागेल. हा नकाशा कोण करणार, आणि तो कोणापाशी राहणार?

हा प्रश्न भावनेचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार एक मीटरहून सूक्ष्म अशी नकाशाची माहिती तयार करण्याचा आणि बाळगण्याचा अधिकार भारतीय संस्थांना आहे, आणि ती भारतातच साठवली पाहिजे. जुलै २०२२ मध्ये गूगलने रस्त्यांची छायाचित्रे दाखवण्याची सेवा भारतात सुरू केली, तेव्हा ती छायाचित्रे घेण्याचे काम मुंबईच्या जेनेसिस आणि टेक महिंद्र या भारतीय कंपन्यांकडे होते. पहिल्या शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते. कायद्याने दार उघडले आहे. पण दारातून आत कोण जाणार, हे कौशल्यावर ठरते. मालवण, देवबाग, तारकर्ली येथील दहा मुलांनी त्रिकोणमिती, थोडी आव्यूहांची बेरीज-गुणाकार आणि प्रोग्रॅमिंग एवढे मनापासून शिकले, तर आवश्यक ती परवानगी घेऊन गडाच्या नकाशाचे काम त्यांना का करता येऊ नये? हे काम मुंबईला गेल्याशिवाय होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. गड तर येथे आहे.

यात एक धोका आहे, आणि तो तंत्रज्ञांच्या लक्षात सहसा येत नाही. पुस्तकातील चूक वाचक शंकेने वाचतो. पण चष्म्यातून दगडावर अचूक बसलेले चित्र डोळ्यांना खरेच वाटते. एखाद्या कल्पक चित्रकाराने न मिळालेल्या पुराव्यावर एक दरवाजा रंगवला, आणि आमच्यासारख्यांनी तो मिलिमीटरपर्यंत नेमका बसवला, तर पुढच्या पिढीची मुले तो दरवाजा ‘पाहिला’ म्हणून सांगतील. चुकीचा इतिहास अचूक जागी चिकटवण्यापेक्षा मोठे नुकसान मला सुचत नाही. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक चित्रात पुराव्याने सिद्ध झालेला भाग एका रंगात आणि अनुमान दुसऱ्या रंगात दाखवावे. मला सांगितले जाते की त्यामुळे दृश्याची शोभा जाईल. जाऊ द्यावी. महाराजांच्या दुर्गाला आमच्या रंगाची शोभा लागत नाही.

दुसरी गोष्ट घरातील कर्त्या माणसांसाठी. जे यंत्र तुमची जागा ओळखते, ते तुम्ही कोठे थांबलात, कशाकडे किती वेळ पाहिलेत हेही जाणते. घरात असा चष्मा घालून फिरलात, तर देवघर, स्वयंपाकघर, झोपलेले बाळ, सारे त्याच्या नकाशात येते. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. कायदा आहे हे चांगले, पण दाराला कडी लावण्याची सवय घरातच लागावी लागते. मुलाला असे यंत्र घेऊन देण्यापूर्वी तो नकाशा फोनमध्येच राहतो की बाहेर जातो, एवढे एक विचारावे. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही, तर त्यातूनही पुष्कळ कळते.

आजोबांकडे परत येतो. पूर्वी अरबी समुद्रातील नाविक ‘कमाल’ नावाची लाकडी फळी वापरीत. तिला गाठी मारलेली दोरी असे. दोरी दातांत धरून, फळीची खालची कड क्षितिजावर आणि वरची कड ध्रुवताऱ्यावर आणून त्याची उंची मोजत. येथून ध्रुव क्षितिजापासून सुमारे सोळा अंशांवर दिसतो. दूर गेलेला नाविक घरच्या उंचीचा ध्रुव डोळ्यांसमोर ठेवून त्या रेषेने पूर्वेला येत राही, आणि शेवटी किनारा दिसे. एका अंशाची चूक म्हणजे एकशे अकरा किलोमीटर. तरीही ते घरी येत, कारण शेवटचे अंतर ते डोंगराच्या खुणांनी भरून काढीत. दूरचा तारा आणि जवळची खूण, दोन्ही लागतात. आमच्या क्षेत्रातही उपग्रह, रेडिओ, हालचालीचे यंत्र आणि कॅमेरा यांपैकी एकट्यावर कोणी विसंबत नाही. प्रत्येकाची चूक किती असू शकते हे लिहून ठेवायचे, आणि कमी चुकणाऱ्याचे अधिक ऐकायचे. गणितात याला मोठी नावे आहेत, ती महाविद्यालयात कळतील.

भाषण लांबले. आता एक प्रयोग करू. माझ्या फोनमध्ये मी या टेबलावर एक लाल चौकोनी ठोकळा ठेवला आहे. तो फक्त पडद्यावर दिसतो. शेवटच्या रांगेतील त्या दोन मुलांनी पुढे यावे. फोन समोर धरून दारातून बाहेर जावे, माडांमधून रस्त्यापर्यंत चालावे आणि परत यावे. मध्येच कॅमेऱ्यावर हात ठेवून वीस पावले चाला, बघू काय होते. तोपर्यंत इतरांनी या खुर्च्या भिंतीकडे सरकवाव्यात आणि तो पडदा खाली सोडावा. मुले परत आली की ठोकळा टेबलावर असेल, का टेबलाच्या शेजारी हवेत, ते मोजू. पट्टी मी आणली आहे.